पोरीच्या गळ्यातली किल्ली

माझी मुलगी एक अख्खा महिना रोज सकाळी न रडता बालवाडीत गेली. हे मी पोरीच्या मायेपोटी केलं, असं माझी बायको आजही चारचौघांत सांगते. ते खरं नाही. मला घरमालकाची जिरवायची होती.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सोलापुरात सरकारी दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर एका दुमजली घरात आम्ही माडीवर राहत होतो. एक खोली, तिच्यातच चूल, कोपऱ्यात मोरी. नळ खाली, ओट्यासमोर. बायको दवाखान्यात नर्स होती, मी सुताच्या एका व्यापाऱ्याकडं कारकून. आमचं गाव मंगळवेढ्याकडचं. मेंढरामागं फिरणारं घर. त्या घरातला मी पहिला बी.ए. त्या काळी मी हे भेटेल त्याला सांगायचो. आजही सांगतो. कुणाला त्यात बढाई दिसत असेल तर दिसू दे.

बायकोची ड्युटी सातला लागायची. ती साडेसहाला निघायची, पोरगी तेव्हा झोपेत असायची. पोरीला साडेआठला बालवाडीत पोचवायचं आणि नऊला पेढीवर हजर व्हायचं, हे माझं काम. दोनला ड्युटी सुटली की बायको तिला घेऊन घरी यायची. दवाखान्याजवळ खोली मिळाली म्हणून हे सगळं जमत होतं. ती मिळवायला मी उन्हाळाभर पायपीट केली होती. ‘बायको नर्स आहे’ म्हटलं की घरमालकांची तोंडं बदलायची. ‘रात्रपाळी असते का हो?’ असं विचारत दार अर्धं लोटून घ्यायचे. ही खोली गेली तर बायकोची नोकरी गेली, हे आम्हा दोघांना न बोलता ठाऊक होतं.

आमचे मालक धान्याचे अडते. घरात कानडी, दुकानात मराठी. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला अव्वा. आप्पा रोज साडेसातला आंघोळ उरकून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून पूजेला बसायचे. ते पट्टे असे सरळ, की पट्टी ठेवून आखलेत असं वाटावं. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन डोळे मिटले की घरात भांडंसुद्धा वाजायचं नाही. पूजेची खोली जिन्याला लागून होती. त्या पूजेबद्दल माझी काही तक्रार नव्हती. माझी तक्रार त्या माणसाच्या जिभेबद्दल होती. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मला ते ‘ग्रॅज्वेट’ म्हणायचे. ‘काय ग्रॅज्वेट, नळ नीट बंद करायला शिकवत नाहीत का कॉलेजात?’

तर नेमकी त्यांच्या पूजेच्या वेळेला आमची पोरगी रडायची.

साडेचार वर्षांची होती. उठली की आधी खोलीभर नजर फिरवायची. आई दिसली नाही की सुरू. दात घासायला नाही, दूध प्यायला नाही, मोरीत पाय ठेवायला नाही. झगा घातला की काढायची. वेणी घालायला बसवली की पालथी पडायची. मी ओढायचो, ती दाराची चौकट धरायची.

मी शिकलेला माणूस. मी टाइमटेबल केलं. पेढीवरून एक जाड कागद आणला, लाल-निळ्या शाईनं रकाने आखले. ६.४० उठणे. ६.५० दात घासणे. ७.०० दूध. ७.१५ स्नान. असं ८.१० पर्यंत. अक्षर माझं चांगलं आहे. कागद खळीनं भिंतीला चिकटवला आणि समाधानानं लांबून बघितला.

पत्र्याची गळती बघायला आप्पा एकदा वर आले, तेव्हा त्यांनी तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, ‘अक्षर झकास आहे की. पण ग्रॅज्वेट, पोरीला वाचता कुठं येतंय?’

खाली जाऊन त्यांनी हे अव्वांना कानडीत सांगितलं असणार. दोघांचं हसू जिन्यावरून वर आलं. तो कागद मी त्याच संध्याकाळी भिंतीवरून सोडवला. फाडला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला. का ठेवला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पुढच्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. मी पोरीच्या डोक्याला साबण लावला होता. तो डोळ्यांत गेला. ती मोरीतून निसटली आणि ‘आई!’ म्हणून किंचाळत तशीच उघडी, साबणानं माखलेली, जिना उतरून पळाली. मी तांब्या हातात घेऊन मागं. खाली तिला पहिलं उघडं दार दिसलं ते पूजेच्या खोलीचं. ती आत शिरली आणि आप्पांच्या गुडघ्याला मिठी मारून ओरडत राहिली. साबणाचं पाणी त्यांच्या धुतलेल्या धोतरावर.

आप्पांनी लिंग हातातून पडू दिलं नाही, हे मात्र कबूल करायला हवं. डोळे उघडले, हळू उठले, लिंग जागेवर ठेवलं. मग ओट्यावर आले. नळावर तेव्हा सात-आठ बाया होत्या.

‘साकु,’ ते म्हणाले. म्हणजे पुरे झालं. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत, ‘ग्रॅज्वेट, तुमची सवय मेंढरं वळायची. माणसाचं लेकरू तुम्हाला काय वळणार?’

अव्वांनी आतून भर घातली. ‘आई जाऊन लोकांची लेकरं न्हाऊ घालती, आणि हिला न्हाऊ घालणारं कुणी नाही. घरात बस म्हणावं तिला.’

‘एक तारखेला खोली मोकळी करा,’ आप्पा म्हणाले.

पोरगी माझ्या खांद्यावर हुंदके देत होती. साबण माझ्या बनियनला लागला होता. मी म्हणालो, ‘आप्पा, एक महिना द्या. महिनाभरात हिचा आवाज एकदा जरी तुमच्या पूजेत आला, तरी मी न सांगता सामान काढतो.’

‘आणि नाही आला तर?’

‘तर आत्ता जे बोललात ते परत घ्यायचं. हितंच. ह्याच नळावर.’

एका बाईची घागर भरून वाहायला लागली, तरी तिनं नळ बंद केला नाही.

‘बघू की,’ आप्पा म्हणाले. ‘सोमवारपासून धरा.’

दुपारी बायकोला कळलं. घरी पोचण्याआधी तिला वाटेतच तिघींनी सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘मी सोडते नोकरी. रोजचं हे नको.’

‘तू सोडलीस तर तो जिंकला.’

‘पोरगी रडते, त्याचं काही आहे का तुम्हाला?’

‘आहे की. त्याच्या पूजेत रडते, त्याचं आहे.’

ती भाकरी थापायला बसली. जरा जोरात थापत होती.

सोमवार-मंगळवार पेपरमिटवर काढले. बुधवारी पेपरमिट संपलं तरी तिची कुरकुर संपेना. ओठ थरथरायला लागले, तोंड उघडलं, आणि खाली आप्पांची घंटी वाजत होती. मी तिच्या तोंडावर हात दाबला. माझ्या पंजाखाली तिचं अर्धं तोंड झाकलं गेलं. वर नुसते डोळे. ती रडली नाही. मी हात काढला तरी रडली नाही. त्या दिवशी ती बालवाडीपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मी पैज जिंकत होतो. पेढीवर दिवसभर तो हात मला टेबलावर ठेवावासा वाटेना. दोनदा साबणानं धुतला.

बायकोला हे मी बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी माझे वडील गावाहून आले. दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा, अंगाला मेंढरांचा वास. त्यांना मी झटकन जिन्यानं वर नेलं. ओट्यावर आप्पा बसले होते आणि मला आणखी एक टोमणा नको होता. वडलांना ते कळलं असणार. त्यांनी वहाणा हातात घेतल्या आणि आवाज न करता चढले.

सोमवारी सकाळी त्यांनी आमची कुस्ती बघितली. मी दात ओठ खाऊन, आवाज न करता ओढतोय, पोरगी आवाज न करता चौकट धरतेय. बुधवारपासून ती आवाज न करता रडायला शिकली होती. वडील भिंतीला टेकून तंबाखू मळत होते.

‘वडतोस कशाला?’ ते म्हणाले.

‘मग काय करू, आबा?’

‘वडलं की जनावर पाय रवतंय. तुला ती काळी शेळी आठवती का? लई आडमुठी. कळप हालला की ही बसायची. मार खाऊन खाऊन कातडं जाड झालं हुतं तिचं.’

‘आबा, ही पोरगी आहे. शेळी न्हाय.’

‘म्हणून तर सांगतुया. ही शेळीपरास शानी हाय, हिला लौकर कळंल.’ त्यांनी तंबाखू गालात धरली. ‘मी शेवटाला त्या काळीच्या गळ्यात घंटी बांधली आन् तिला घातली म्होरं. सगळ्या कळपाच्या म्होरं. परत बसली न्हाय बघ ती. हिला मागनं ढकलू नगंस. म्होरं घाल.’

मी चार वर्षं कॉलेजात घालवली होती ती ह्या वासापासून लांब जाण्यासाठी. पण ती काळी शेळी मला आठवत होती. मीच तिला काठीनं मारायचो. आणि घंटी बांधल्यावर ती कशी चालायची तेही आठवत होतं. मान वर करून, आपल्याशिवाय कुणाला वाट माहीत नाही अशी.

घंटी मी कुठून आणणार? दाराशेजारी खिळ्याला आमच्या कुलपाची किल्ली लटकत होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी उठून नजर फिरवायला लागली तेव्हा मी खाटेवर बनियन-लुंगीत पाय पसरून बसलो होतो. किल्लीला बायकोची लाल रिबीन बांधली होती.

‘मी आज पेढीवर जात नाही,’ मी म्हणालो.

ती रडायची विसरली. ‘का?’

‘कंटाळा आला. मला कोण तयार करणार? आणि हे बघ. कुलूप लावायला पण माणूस नाही. आजपासून किल्ली तुझ्याकडं. सगळे तयार झाले का ते बघायचं आणि मग कुलूप लावायचं. येईल का तुला?’

तिनं किल्ली हातात घेतली. उलटीसुलटी करून बघितली. मग विचारलं, ‘आता आई आली तर मी उघडणार?’

‘हो, तूच.’

‘आणि आपण गेल्यावर आई आली तर?’

मला आधी कळलंच नाही. ती पुन्हा म्हणाली, ‘आपण कुलूप लावतो ना. मग आई आली तर ती बाहेर. आई रडती मग.’

इतके महिने ती दाराची चौकट धरून बसत होती ती ह्यासाठी. आई सकाळी गायब होते, ती केव्हाही परत येईल, आणि बाप रोज घराला कुलूप लावून टाकतो. आईकडं दुसरी किल्ली आहे हे आम्ही कुणी तिला सांगितलं नव्हतं. एवढंसं माणूस, घर उघडं राहावं म्हणून माझ्याशी भांडत होतं, आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबला होता.

वडील कोपऱ्यात घोंगड्याची घडी घालत होते. माझ्याकडं बघितलं नाही.

मी तिला सांगितलं, आई तुला घेऊनच घरी येते, आणि ह्यापुढं दार तूच उघडायचं. तिनं रिबीन गळ्यात अडकवली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘ऊठ. दात घास.’

मी दात घासले. ‘मागचे पण,’ ती म्हणाली. मी म्हणालो, मागचे कसे घासतात मला येत नाही, दाखव. तिनं दाखवले. आंघोळीला माझ्या पाठीवर तिनं तांब्यानं पाणी ओतलं, निम्मं स्वतःच्या अंगावर. मी एक बटण लावून थांबायचो. ‘तुझा झगा आल्याशिवाय मी दुसरं बटण लावणार नाही.’ ती झगा आणायची. माझा भांग तिनं पाडला, उजवीकडून डावीकडं, मधे एक वळण घेऊन. तोंडाला पावडर लावली, डब्यातली बरीच. मग मी तिची वेणी घातली, कारण कुलूप लावणारी बाई बिनवेणीची कशी चालेल, असं आमचं ठरलं.

जिना उतरताना पूजेच्या खोलीचं दार उघडं होतं. ती ओठांवर बोट ठेवून मागं वळली आणि मला म्हणाली, ‘श्श. आप्पा देव करतायत.’ आप्पांचा एक डोळा उघडला. मी बघितलं. त्यांनी बघितलं की मी बघितलं.

ओट्यावर अव्वा तांदूळ निवडत होत्या. ‘काय हो, पावडर लावून कुणीकडं निघाली स्वारी? नवरी बघायला?’

‘व्हय की,’ मी म्हणालो. ‘पोरगी शांत आहे ना, तेवढं ऐकून घ्या.’

पेढीवरही हसले. मोठे मुनीमजी म्हणाले, भांग आहे की ओढा? मी भांग पुसला नाही. रोज संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला. मला माझ्या दिसण्याचा फार अभिमान होता, कडक इस्त्री, सरळ भांग. कॉलेजात पहिल्या वर्षी माझ्या मळक्या पायजम्याला पोरं हसली होती, त्यानंतर मी कुणाला हसायला जागा ठेवली नव्हती. आता ती रोज ठेवत होतो, आणि प्रत्येक हसण्याबरोबर आप्पांच्या नावानं मनात एक रेघ ओढत होतो. फिटंल हे पण, म्हणत होतो.

बायकोनं आपली किल्ली पिठाच्या डब्यामागं टाकून दिली. दुपारी दोनला ती पोरीमागं जिना चढायची आणि कुलूप उघडेपर्यंत दाराबाहेर उभी राहायची. ड्युटी करून पाय दुखत असायचे. पोरीला किल्ली फिरवायला पाच मिनिटं लागायची. बायको एकदाही ‘आण इकडं’ म्हणाली नाही.

महिन्यात एकदाच सगळं हातचं जात होतं. किल्ली सापडेना. खाली पूजा सुरू. पोरीचं तोंड वाकडं झालं, श्वास आत गेला, आता फुटणार. मी सरळ जमिनीवर बसलो. ‘चला, बरं झालं. मी नाही जात पेढीवर.’

तिनं तो श्वास गिळला. ‘असं नाही करायचं! शोध!’

किल्ली माझ्याच बुटात होती. तिनंच रात्री ठेवली होती, चोर बुटात बघत नाहीत म्हणून.

महिना भरला. मी त्या दिवशी मुद्दाम पांढरा शर्ट घातला. नळावर बाया होत्या. आप्पा पूजा आटोपून ओट्यावर आले होते. पट्टे सरळ, धोतर स्वच्छ.

‘आप्पा, महिना झाला.’

‘कसला?’

‘आपलं ठरलं होतं. पोरगी एक दिवस रडली नाही.’

‘मग चांगलं आहे की,’ ते म्हणाले.

‘तुम्ही काहीतरी परत घेणार होता.’

‘मी?’ त्यांनी अव्वांकडं बघितलं. ‘मी काय बोललो होतो? आठवत नाही बुवा. राहा की खुशाल. तुम्हाला कोण जा म्हणतंय?’

बायांनी घागरी उचलल्या. कुणीतरी हसलं, ते मला की आप्पांना, कळलं नाही. ते हरले असते तर मी विसरलो असतो. ते विसरले, म्हणून मी नाही विसरलो. त्या दिवसापासून मी वाट बघायला लागलो.

फार थांबावं लागलं नाही. जूनमध्ये आप्पांचा नातू, मुलाचा मुलगा, आजोबांकडं राहायला आला आणि त्याला त्याच बालवाडीत घातलं. चार वर्षांचा, गुबगुबीत, लाडावलेला. पहिल्याच सकाळी त्यानं असा गळा काढला की गिरणीचा भोंगा बरा. आणि वेळ तीच. साडेसात. लिंग तळहातावर, डोळे मिटलेले, आणि नातू दाराला लटकून बोंबलतोय. अव्वा त्याच्यामागं, ‘अळबेड, अळबेड!’ रडू नको रे, रडू नको.

मी चहाची बशी घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचो. रोज. चहा मी तिथंच प्यायचो. बायको एकदा रजेवर घरी होती, तिनं बघितलं आणि म्हणाली, ‘लाज वाटते का काही?’ वाटायला हवी होती. नाही वाटली.

आठव्या की नवव्या दिवशी अव्वा जिना चढून वर आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. गुडघ्यांवर हात ठेवून, दम खात.

‘तुमची पोरगी अशी गुपचूप कशी जाती हो? काय करता तुम्ही तिला?’

मला वाटलं होतं हा क्षण आला की मी पुष्कळ बोलेन. तोंडात सगळं तयार होतं, मेंढरांसकट. पण मी नुसता उठलो, ट्रंक उघडली, आणि तळातून तो घडी केलेला कागद काढला.

‘टाइमटेबल,’ मी म्हणालो. ‘भिंतीला चिकटवा.’

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला वर ऐकू यायला लागलं. आप्पा पूजा लवकर उरकून नातवाला समोर उभा करायचे आणि खणखणीत आवाजात वाचायचे, ‘सहा पन्नास! दात घासणे!’ नातू किंचाळायचा. ‘सात! दूध!’ काहीतरी सांडायचं. मी वर पोट धरून हसायचो. ज्या कागदावर ते हसले होते त्याच कागदाला धरून बसले होते. अडत्याचा सगळा तोरा सात-पंधराच्या स्नानापाशी अडला होता. माझ्या आयुष्यात इतक्या चांगल्या सकाळी फार थोड्या आल्या.

‘ते लेकरू रोज रडतंय,’ बायको म्हणाली.

‘मी रडवत नाही. आजोबा रडवतायत.’

‘त्यांना सांगा ना काय करायचं ते.’

‘नळावर येऊन परत घेतलं की सांगतो.’

मी सांगणार नव्हतो. हे मी आज शपथेवर लिहितो. तो पोरगा मॅट्रिक होईपर्यंत रडला असता तरी मी चहा पीत बसलो असतो.

पण एका सकाळी मी माझ्या तिरक्या भांगानिशी पोरीमागं खाली उतरलो तेव्हा नातू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आडवा पडला होता. एक बूट पायात, एक आप्पांच्या हातात. आप्पांच्या दुसऱ्या हातात माझा कागद. पोरगी थांबली. त्याच्याकडं बघितलं. मला थोपवायला वेळच मिळाला नाही. तिनं गळ्यातली रिबीन काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

‘आज तू कुलूप लावायचं,’ ती म्हणाली. ‘वर जा. माझं कुलूप उघडून परत लावून ये. पण आधी आजोबांना तयार कर. ते तयार नाहीत.’

त्यानं गळ्यातली किल्ली बघितली. आजोबांकडं बघितलं. नाक मनगटाला पुसलं. मग आप्पांच्या हातातला बूट ओढून घेतला, स्वतःच पायात घातला, उलटा, आणि आप्पांना कानडीत म्हणाला, ‘बा.’ ये म्हणून.

आप्पांनी त्याच्याकडं, मग माझ्या पोरीकडं, मग माझ्या भांगाकडं बघितलं. भांगाकडं जरा जास्त वेळ. नाकातली पावडर मला झोंबत होती. त्यांना सगळं कळलं. हातातला कागद त्यांनी नीट घडी करून माझ्यापुढं धरला.

‘हा तुमचा,’ ते म्हणाले. ग्रॅज्वेट म्हणाले नाहीत.

मी कागद घेतला. वाटेत मी पोरीवर चिडलो. ‘आपली किल्ली तू त्याला कशाला दिलीस?’ ती म्हणाली, ‘तो रडत होता.’ आणि पुढं चालायला लागली. मी एवढ्या दिवसांचा जपून ठेवलेला सूड तिनं एका पायरीवर वाटून टाकला होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी नातवाच्या गळ्यात त्याच्या घराची किल्ली होती. पांढऱ्या दोऱ्यात. आमची त्यानं आदल्या दिवशी बालवाडीतच परत दिली होती. दोघं पोरं आपापल्या किल्ल्या सांभाळत ओट्यावर खलबतं करत होती आणि मी आणि आप्पा खाली, दोन हातांवर, वाट बघत उभे होतो. ते दुकानाकडं निघालेले, मी पेढीकडं. नळावर बाया होत्या. आप्पा काही परत घेणार नव्हते, आणि मी माफ करणार नव्हतो. आजही केलेलं नाही.

पण मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून घेतलं. आप्पांच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे त्या दिवशी सरळ नव्हते. एक भुवईवर उतरला होता, एक कानाकडं पळाला होता, आणि तिसरा पट्टा नव्हताच, नुसतं चार बोटांचं फराटं होतं. नळावरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. आप्पांनी हात कपाळाकडं नेला, ओट्यावरून नातू ओरडला, ‘पुसायचं नाही!’, आणि हात खाली आला.

त्या दिवशी मी पेढीपर्यंत शीळ घालत गेलो.